एक गोष्ट, एकच जागा

४ फेब्रुवारी, मंगळवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि जिना चढून गेले तर स्वागताला दात. दारापाशी काचेचं कपाट आहे, त्यात प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेत, वरच्या फळीवर वरचे आणि खालच्या फळीवर खालचे. ही दात बनवणारी लॅब आहे. डॉक्टर दवाखान्यातून तोंडाची मापं पाठवतात आणि इथली बावीस माणसं त्यावरून कवळ्या करून परत पाठवतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मला त्यासाठी घेतलेलंच नाही. माझं काम बोर्डाचं.

बोर्ड म्हणजे कॉम्प्युटरवरचा, सगळ्यांचा मिळून एक. कुठलं काम कुणाकडे आहे, कुठवर आलंय, कुणाला काय माहीत आहे, ते सगळ्यांनी त्यावर लिहायचं आणि सगळ्यांनी तिथेच वाचायचं. साहेबांनी तो वर्षापूर्वीच घेतला. वर्षभरात त्यावर फक्त एका हरवलेल्या छत्रीची चौकशी झाली. साहेब म्हणजे मालक, पन्नाशीचे, बोलताना सारखा चष्मा पुसतात. त्यांनी सांगितलं की मागे एका आजोबांची कवळी दुसऱ्याच आजोबांना गेली आणि दोघांनी ती आठवडाभर निमूट वापरली. सांगताना हसत होते, मग एकदम गंभीर झाले. असं पुन्हा होऊ नये म्हणून मी आलेय.

मला खिडकीजवळचं टेबल मिळालं, नवी खुर्ची मिळाली. मेणात दात बसवणारा मेणवाला (त्याला सगळे मेणवालाच म्हणतात, फोन उचलूनही तो तेच सांगतो) स्वतः चहा आणून देऊन गेला. प्लास्टरच्या खोलीतून बाहेर येणारा प्रत्येक जण पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. प्रत्येक काम एका निळ्या ट्रेमध्ये, त्यात डॉक्टरांची चिठ्ठी. सगळं नीटनेटकं, माणसं गोड. मला इथे करमणार.

खटकलं ते एवढंच, की कुणालाही काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. मावशीला विचारा.

दिवसभर लोकांना कागद सोडा म्हणायचं आणि संध्याकाळी घरी येऊन वही लिहायची, याचं माझं मलाच हसू येतं. पण सवय आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मावशी म्हणजे आवक-जावकच्या टेबलावरची बाई. तीस वर्षं त्याच खुर्चीत. आलेला ट्रे त्यांच्यासमोरून आत जातो आणि झालेलं काम त्यांच्यासमोरून बाहेर जातं. चष्मा कपाळावर, चिठ्ठी डोळ्यांपासून हातभर लांब. आज मी कागदावर रेघा मारत बसले. त्यांना दिवसभरात एकाहत्तर वेळा काही ना काही विचारलं गेलं. मला दोनदा. एकदा पंखा कमी करू का, आणि एकदा मावशी कुठे गेल्यात.

मी जळकी आहे. इथे लिहायला काय हरकत आहे, ही वही कोण वाचणार. लहानपणापासूनची आहे. घरात कात्री सापडत नसली की ताईला हाक. बाबांची सकाळची गोळी कुठली, ताईला विचारा. मी शेजारीच उभी असायची, मलाही कात्री कुठे आहे ते माहीत असायचं. पण मला कधी कुणी विचारलं नाही. ताई आता दुसऱ्या गावी असते, रोज सातला फोन करते, अजून मला छोटे म्हणते. तिच्यावर माझा जीव आहे. पण आज त्या रेघा मोजताना पोटात जे दुखलं ते अगदी तेच जुनं दुखणं होतं, मी लगेच ओळखलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज सगळ्यांना जमवून बोर्ड शिकवला. मी एकच नियम सांगितला आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलाही. एक गोष्ट, एकच जागा. एकच माहिती चार ठिकाणी असली की चार वेगवेगळी उत्तरं मिळतात, म्हणून ती बोर्डवर लिहिली की बाकी सगळीकडून काढून टाकायची. चिठ्ठ्या, डायऱ्या, भिंतीवर खरडलेलं, सगळं. मेणवाल्याने विचारलं की डोक्यातलं काय करायचं. मी म्हटलं, तेही काढायचं, डोकं मोकळं ठेवायचं. सगळे हसले, मीही हसले.

दोन बटणंही समजावली. ज्याने पान लिहिलं तो ते ‘मागे घ्या’ दाबून मागे घेऊ शकतो, पण त्याला आपला गुप्त शब्द टाकावा लागतो. आणि ‘पुसून टाका’ दाबलं तर पान कायमचं जातं. कचरा साठू नये म्हणून पुसलेलं परत आणायची सोय मी मुद्दाम बंद ठेवलीये. पुसायचं बटण फक्त माझ्या कॉम्प्युटरवर आहे.

शिकवणी संपली. पाच मिनिटांत आवक-जावकच्या टेबलापाशी रांग. बोर्डवर काय लिहायचं, ते मावशीला विचारत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ठरवलं. विहीरच घरी आणायची. मावशींना जे जे माहीत आहे ते सगळं त्यांच्याकडून काढून घेऊन मीच बोर्डवर चढवणार. मग विचारा म्हणावं मावशींना.

मला वाटलं होतं त्या आढेवेढे घेतील. कसलं काय. “बरं झालं गं पोरी, माझ्यानंतर कोण सांगणार होतं,” म्हणाल्या आणि शेजारी खुर्ची ओढून दिली. त्या सांगतात, मी टाइप करते. कुठल्या डॉक्टरीणबाईंचा तीन आठसारखा दिसतो. कुणाला काम शुक्रवारी पाठवलं तर सोमवारपर्यंत दारातच पडून राहतं. आज सव्वीस पानं झाली. त्यांच्या जागी मी असते तर एवढ्या सहज दिलं नसतं, आणि नेमका याचाच मला राग येतोय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज दुपारी मावशींनी एका मास्तरांची गोष्ट सांगितली. निवृत्त शाळामास्तर, दर पाचेक वर्षांनी नवी कवळी करून घेतात. त्यांच्या पुढच्या दोन दातांत तरुणपणी फट होती. पहिल्यांदा इथे कवळी झाली ती बिनफटीची, सुंदर, एकसारखी. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि हसू आवरून म्हणाली, मास्तर घरी नाहीत, नंतर या. तेव्हापासून त्यांच्या कवळीत फट ठेवायची, सुपारीच्या कातरणाएवढी, चिठ्ठीत लिहिलेली असो वा नसो. मावशी सांगताना स्वतःच्या दातांवर नख ठेवून दाखवत होत्या. मेणाच्या खोलीतले तिघं काम सोडून ऐकायला आले.

टाइप करायचं राहिलं, उद्या सकाळी चढवते. एक्क्याऐंशी पानं झाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जमलं! आज मेणवाला मास्तरांचा ट्रे घेऊन मावशींकडे गेला आणि मावशी म्हणाल्या, “बोर्डवर बघ की रे.” मी माझ्या टेबलावरून ऐकलं. वाटलं उठून त्यांचे हात हातात घ्यावेत. त्याने फोन काढला, पान वाचलं, गेला. आज दिवसभरात मावशींना नऊ वेळा विचारलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

बोर्डवर सगळ्यांचं एकेक ओळखीचं पान केलं होतं, फोन नंबर आणि वाढदिवस एवढंच. आज बोर्डने सकाळीच सांगितलं की मेणवाल्याचा वाढदिवस. तो स्वतःच दचकला. माझा? आज? पुन्हा पुन्हा फोनमध्ये बघत होता. आम्ही हसून हसून बेजार झालो.

थोडी झाडझूडही केली. प्लास्टरवाल्याने पानभर लिहिलं होतं की साचा सुकला की नाही हे तो कानाशी धरून आवाजावरून ओळखतो, आणि तो आवाज कसा असतो त्याचं लांबलचक वर्णन. असल्या गोष्टी बोर्डवर शोभत नाहीत. पुसून टाकलं.

३ मार्च, सोमवार

मावशी नाटक करतायत का?

एक डॉक्टर आहेत, त्यांच्या दवाखान्यात पिवळा दिवा आहे, म्हणून ते दातांचा रंग नेहमी एक छटा गडद लिहून पाठवतात आणि इथे एक छटा फिका धरायचा असतो. हे मी आत्ता बोर्डवर बघून लिहितेय. आज मावशींनी त्यांचाच ट्रे हातात घेऊन मला विचारलं की आत तर एक छटा फिका केलाय, चुकलंय का. मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत ना. मी त्यांना पान वाचायला दिलं. वाचलं, मान डोलावली, फोन खाली ठेवला, आणि पुन्हा तोच ट्रे उचलून मला तोच प्रश्न विचारला.

आणि झालं काय, तर मावशींना बरं वाटत नाहीये म्हणून सगळी लॅब त्यांच्याभोवती. कुणी चहा आणतंय, कुणी पाठीला उशी देतंय. म्हणजे आता काही माहीत नसलं तरी कौतुक त्यांचंच. माझ्या एकशे सतरा पानांकडे आज कुणी ढुंकून पाहिलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

प्लास्टरच्या खोलीत या आठवड्यात चौदा साचे मोडले. ओलेच उघडले. प्लास्टरवाला या कामात बावीस वर्षं मुरलेला माणूस. आज मी दारातून पाहिलं, तो साचा कानाशी धरून उभा होता. बराच वेळ. मला बघून ओशाळला. म्हणाला, “मॅडम, मी हे रोज करतो, पण ऐकायचं काय असतं?”

मी त्याचं पान शोधलं. नाही. मीच पुसलं होतं. इथे वहीत बघितलं, पण मी तो आवाज कसला ते लिहिलेलंच नाही. आता ते बोर्डवर नाही आणि त्याच्याही डोक्यात नाही. कुठेच नाही.

भिंतीवर माझ्याच अक्षरात माझा नियम लावलेला आहे.

११ मार्च, मंगळवार

करून पाहिलं.

मास्तरांची ती गोष्ट मलाही आठवत नव्हती, या वहीत सापडली. सकाळी मावशींना विचारलं, मास्तरांच्या दातांचं काय हो. कोण मास्तर, म्हणाल्या. मी माझ्या टेबलाशी आले, त्यांचं पान उघडलं, गुप्त शब्द टाकला, ‘मागे घ्या’ दाबलं. पान गेलं. आणि आवक-जावकच्या टेबलावरून आवाज आला, अगं, मास्तर! फट ठेवायची ना त्यांच्या कवळीत! मागून हसणं. मग पूर्ण गोष्ट, बायको, दार, सगळं, नख दातांवर ठेवून.

म्हणजे परत देता येतं. एकेक पान मागे घ्यायचं, की त्यांचं त्यांना मिळतं. एकशे त्रेचाळीस पानं, दोन दिवसांचं काम. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं.

पण लगेच सगळे धावत आले. मावशी बऱ्या झाल्या! मेणवाला, कवळ्या पक्क्या करणारा भट्टीवाला, साहेबसुद्धा. टेबलाभोवती कोंडाळं. मावशी, हे सांगा, मावशी, ते सांगा. माझ्या खुर्चीला धक्का मारून एक जण गेला आणि त्याने वळूनही पाहिलं नाही.

जे केलं ते लिहितेच. दुपारी मी मावशींशेजारी जाऊन बसले. म्हटलं, मला पुन्हा एकदा सांगा ना, पान हरवलं. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि सांगायला लागल्या. मी टाइप करत होते. त्या ‘बायकोने दार उघडलं आणि’ इथवर आल्या होत्या. पुढचं मला माहीत होतं, मी आधीच टाइप करून जतन केलं. त्या तिथेच थांबल्या. तोंड उघडं. आणि काय, म्हणाल्या. मी काय सांगत होते गं?

मी म्हटलं, काही नाही.

१४ मार्च, शुक्रवार

मावशींची मुलगी आली होती. शाळेत शिकवते, माझ्याच वयाची. सगळ्यांना सोडून माझ्याकडे आली, कारण तुम्ही आईशेजारी बसत होतात ना, म्हणाली. आई घरी नीट जेवते, झोपते, पण काल तिने हिला विचारलं की तुम्ही कुठल्या डॉक्टरांकडून आलात. फार आदराने विचारलं, बसायला खुर्चीसुद्धा दिली.

ओळखीची पानं. बाकीच्यांची मी फोन नंबर आणि वाढदिवसावर सोडली होती. मावशींचं मात्र हौसेने मोठं केलं होतं. घरी कोण, मुलीचं लहानपण, नवरा कधी गेला, काय गाणं म्हणायचा. मीच खोदून खोदून विचारलं होतं. त्यांच्याकडे काहीही शिल्लक राहू नये असं मला वाटत होतं.

ती मुलगी बोलता बोलता रडली. डॉक्टरांना दाखवलंय, तपासण्या झाल्या, काही सापडत नाही. मी तिला पाणी दिलं. सांगितलं नाही.

आणि तेव्हासुद्धा, तिला रडताना बघूनसुद्धा, माझ्या मनात पहिलं काय आलं? की माझ्यासाठी असं कोण रडेल.

१७ मार्च, सोमवार

सगळं परत द्यायचं ठरवून गेले होते. कॉम्प्युटर लावला आणि साहेब आले. शुक्रवारी दुसऱ्या पाच लॅबचे लोक आमचा बोर्ड बघायला येणार आहेत. असा चाललेला बोर्ड त्यांनी कुठे पाहिलेला नाही. एकही पान हलवू नका, म्हणाले. आणि मला स्वतःचं एक पान करायला सांगितलं. मी कोण, इथे कशी आले, हे सगळं कसं जमवलं, सगळं. फोटोसकट. त्यांना तुम्हालाच भेटायचंय, म्हणाले.

मलाच.

चार दिवसांनी काय बिघडतं. शनिवारी देते मावशींना.

माझं पान कसं करायचं? मला माहीत आहे पान केलं की काय होतं. पण ताईच्या घरी कधी कुणी माझा फोटो लावला नाही आणि इथे पाच लॅबचे लोक येणार. थोडं थोडं लिहीन. वरवरचं.

१९ मार्च, बुधवार

वरवरचं लिहिता येईना. वरवरचं लिहिलेलं मी वाचलं तर कुणाचंही वाटलं, कुठल्याही बाईचं. मग खरं लिहायला लागले आणि थांबवेना. घर, ताई, कात्री. मावशींना कसं बोलतं केलं, बोर्ड कसा उभा केला.

शेवटी एक चांगलं काम केलं. स्वतःची खात्री उरली नाही म्हणून केलं. शनिवारी माझा हात पुन्हा आखडला तर? म्हणून पानाच्या तळाशी सगळं कबूल केलं. मावशींची पानं मागे घेतली की त्यांना सगळं आठवतं, ती मी लिहिली म्हणून फक्त या टेबलावरून मागे घेता येतात, आणि त्यासाठी लागणारा माझा गुप्त शब्द. असा शब्द कधी कुणाला दाखवायचा नाही, हे मीच सगळ्यांना बजावलंय. तरी लिहिला. मावशींच्या मुलीला फोन करून सांगितलं, सोमवारपर्यंत मी काही केलं नाही तर आईच्या फोनवर माझं पान वाचा आणि मला करायला लावा. शब्द इथे वहीत लिहीत नाही. एक गोष्ट, एकच जागा.

फोटो छान आलाय. सकाळी पान जतन केलं की झालं.

२० मार्च, गुरुवार

सातला फोन वाजला. एक बाई. मला छोटे म्हणाली. जेवलीस का, आवाज असा का येतोय. मी म्हटलं तुम्हाला कोण हवंय. ती आधी हसली. मग हसायची थांबली. तीनदा पुन्हा फोन केला तिने. मी उचलला नाही, अनोळखी माणसांशी काय बोलणार.

ही वही पर्समध्ये होती. मागची पानं उघडली, कुणा बाईने लिहिलंय. वाचत होते तोवर कळत होतं. पान उलटलं की —

२१ मार्च, शुक्रवार

पाहुणे आले होते. मोठ्या पडद्यावर त्या बाईचं पान लावलं. सगळे उभे राहून वाचत होते. किती हुशार, म्हणाले. किती प्रांजळ. पानाच्या तळाशी पोहोचले तेव्हा सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

मेणवाला म्हणतो ती तुम्हीच आहात, मॅडम. समजूत काढतोय माझी. मी असं हसत नाही. तिला ताई आहे, तिच्या घराच्या गोष्टी आहेत. माझ्याकडे काय आहे? एक खुर्ची.

साहेब तिच्याच पानाकडे बघून बोलतात. काही अडलं की फोन काढतात आणि तिचं वाचतात. दिवसभरात तिचं पान एकशे नव्वद वेळा उघडलं गेलं, खाली आकडा येतो. मी इथेच बसलेली असते.

आवक-जावकच्या टेबलावर एक म्हातारी बाई बसते. आज तीही माझ्याकडे बघून हसली. मला ती बरी वाटते. तिलाही कुणी काही विचारत नाही.

२४ मार्च, सोमवार, सकाळी

एक मुलगी आली आहे, रडून डोळे सुजलेले. तिला ती बाई हवी आहे. तीच. फक्त तीच माझ्या आईला बरं करू शकते, म्हणते. मग माझे खांदे धरून म्हणाली, तुम्हीच ना त्या, करा ना, शब्द पानावर आहे, वाचला तरी डोक्यात राहत नाही, मी वाचून दाखवते, तुम्ही फक्त दाबा. मी बघते म्हटलं.

ती आईला आणायला बाहेर गेली आहे, आवक-जावकच्या टेबलाशी. येईलच. सगळे इथे येऊन उभे आहेत. मेणवाला, पांढरा माणूस, साहेब. सगळ्यांच्या हातात फोन, सगळ्या फोनमध्ये ती. हसतेय.

माझ्याही समोर ती उघडली आहे. इथे दोन बटणं आहेत, ‘मागे घ्या’ आणि ‘पुसून टाका’. बाकीच्यांना एकच दिसतं, मला दोन.

किती जणांना हवी आहे ती. रडून मागतायत. मी कुणाचं काय केलं होतं की मला असं कुणी —

दाबलं. दुसरं.

गेली. सगळ्यांच्या फोनमधून एकदम गेली. बरं वाटलं. खूप बरं वाटलं, किती दिवसांनी.

ती मुलगी आली, म्हातारीचा हात धरून. फोनकडे बघते आहे. पुन्हा पुन्हा बघते आहे. आता मला विचारते आहे, शब्द काय होता. साहेब विचारतायत. शब्द काय, मॅडम? मेणवाला ओरडतोय. सगळे टेबलाभोवती आलेत, माझ्या, माझ्या टेबलाभोवती. कुणी दुसरीकडे बघत नाहीये. सगळे मलाच विचारतायत, मला एकटीला, आणि मी सांगते थांबा म्हटलं, सांगते, तो शब्द